तासाभराच्या वर थोडे अधिक

जेज्वीट या धर्मगुरूंच्या संघाचा संस्थापक संत इग्नेशियस लोयोला याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथातली साधना म्हटली की घर सोडून तीस दिवस एखाद्या साधनागृहात मौन पाळायचे आणि तेही धर्मगुरूंनी व धर्मभगिनींनी, असा आमच्याकडे वसईत सर्वसाधारण समज आहे. खरे तर मूळ ग्रंथातच प्रापंचिकांची सोय केलेली आहे. ग्रंथाच्या आरंभी वीस सूचना दिल्या आहेत. त्यांतली एकोणिसावी सूचना ज्यांना कामधंदा सोडता येत नाही अशांसाठी आहे, आणि रोज दीड तास काढून हीच साधना आपापल्या घरी राहून, लांब मुदतीत करावी असे ती सांगते. हल्ली ती साधारण तीस आठवड्यांत बसवतात. सप्टेंबरात आरंभ केला की येशूच्या जन्मावरचे चिंतन नाताळाच्या सुमारास येते, दुःखसहनाचे ईस्टरआधीच्या उपवासकाळात आणि पुनरुत्थानाचे ईस्टरनंतर. मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते आणि घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, त्यामुळे माझ्यासाठी हाच एक मार्ग मोकळा होता.

मी या साधनेकडे वळले ती एक मागणे घेऊन. माझा धाकटा भाऊ बरीच वर्षे दारूच्या आहारी गेलेला आहे. त्याच्यासाठी आमच्या आईने माहीमच्या चर्चमधल्या बुधवारच्या नोव्हेना, म्हणजे नवसाच्या प्रार्थना, केल्या, बांद्र्याच्या मोतमाउलीला, म्हणजे मरियामातेला, सप्टेंबरच्या जत्रेत मेणबत्त्या वाहिल्या, आणि आई गेल्यावर हे सगळे ओघानेच माझ्याकडे आले. या भक्तीला नाक मुरडणारे सुशिक्षित लोक आमच्या समाजात पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातली नाही. नवसाचा मेणाचा हात किंवा पाय घेऊन रांगेत उभी असलेली बाई आपल्याला नेमके काय हवे आहे ते जाणून असते, आणि पुढे माझ्या लक्षात आले की इग्नेशियसलाही पहिल्याने तेच हवे असते. माझी अडचण निराळी होती. तेच शब्द इतकी वर्षे उच्चारून माझ्या प्रार्थनेला सवयीचा गुळगुळीतपणा आला होता, आणि आपण अजून मागत आहोत की मागणे सोडून दिल्याचे स्वतःपासून लपवीत आहोत, हे मला सांगता येत नव्हते.

मार्गदर्शन करणाऱ्या सिस्टर वयाने माझ्याहून मोठ्या आणि बोलायला अगदी मोजक्या होत्या. पहिल्या भेटीत त्यांनी माझी कहाणी शांतपणे ऐकून घेतली, तिच्यावर काहीही भाष्य केले नाही आणि प्रार्थनेला कसे बसायचे ते सांगितले. जागा व वेळ आदल्या रात्रीच ठरवायची. बसण्याच्या जागेपासून एक-दोन पावले अलीकडे, ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ उभे राहायचे, देव आपल्याकडे पाहत आहे याचे भान ठेवायचे आणि नमन करून मग बसायचे. त्यानंतर शुभवर्तमानातला, म्हणजे येशूच्या चरित्रातला, नेमलेला प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा, मग ‘मला जे हवे आहे’ ते स्पष्ट शब्दांत मागायचे, पुढे चिंतन, आणि शेवटी, मित्र मित्राशी किंवा सेवक धन्याशी बोलतो तसा ख्रिस्ताशी संवाद. तास संपल्यावर पाव तास वहीत त्या तासाचा आढावा लिहायचा. गुडघे टेकून, बसून, उभे राहून, पालथे पडून, उताणे पडून, कोणत्याही स्थितीत प्रार्थना चालते. मात्र ज्या स्थितीत हवे ते लाभले ती उगाच बदलायची नाही. इतक्या बारीकसारीक नियमांनी मला आधी हसू आले. बालवाडीतल्या मुलांना आम्ही रांगेत कसे उभे राहायचे ते शिकवतो, तसे पन्नाशीच्या बाईला देवापुढे उभे राहायला शिकवले जात होते. पण ती दोन पावले अलीकडची जागा मला फार मोलाची ठरली. वर्षानुवर्षे मी देवाच्या दारात जाताच बोलायला लागत होते. आधी आपल्याकडे कोणी पाहत आहे याची दखल घ्यायची आणि मग तोंड उघडायचे, हे कधी कोणी सांगितले नव्हते.

सुरुवातीचे काही आठवडे सुखात गेले. पहाटे घर निजलेले असे, सासूबाईंना पाच वाजता औषध देऊन मी स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत बसे, आणि देवाच्या निरपेक्ष प्रीतीवरची स्तोत्रे वाचताना डोळे भरून येत. हे असेच चालणार असे मी धरून चालले. नंतर पापावरच्या चिंतनाचा टप्पा आला, ज्याला ग्रंथात पहिला आठवडा म्हणतात, आणि सगळा ओलावा आटला. तासभर बसायचे, घड्याळाकडे बघायचे, दहा मिनिटे झालेली असायची. शाळेतल्या तपासायच्या वह्या आठवत, दूधवाल्याचे बिल आठवे. भावाचे नाव घेतले तरी मनात काही हलत नसे. वहीत मी रोज तेच लिहू लागले: काही नाही, काही नाही.

मला वाटले होते, सिस्टर धीर देतील, किंवा विषय तरी बदलतील. त्यांनी उलट तपशील विचारले. किती वाजता बसलात? कुठे? दोन पावले अलीकडे उभ्या राहिलात का? तास पूर्ण केलात का? मी म्हटले, कधी कधी पन्नास मिनिटांनी उठते, कारण उपयोग काही दिसत नाही. तेव्हा त्यांनी बारावी व तेरावी सूचना वाचून दाखवली. मन प्रसन्न असते तेव्हा तासभर बसणे सोपे असते आणि कोरडेपणात अतिशय अवघड. म्हणून ज्याला कोरडेपणाशी झुंजायचे आहे त्याने तास कमी करू नये, एवढेच नव्हे तर तासाहून थोडे अधिक बसावे, असा त्यांचा आशय आहे. सिस्टरांनी मला पाच मिनिटे वाढवून दिली.

त्या वेळी मला याचा रागच आला. पुढे त्यांनी कोरडेपणाची तीन कारणे माझ्याकडून वाचून घेतली, ती मात्र मनात रुतून बसली. पहिले कारण आपला आळस. दुसरे, बक्षिसाशिवाय आपण सेवेत कुठवर टिकतो याची परीक्षा. तिसरे असे की भक्तीचा उमाळा, अश्रू, उत्कटता यांतले काहीही आपल्या हातचे नाही, सारे देवाचे देणे आहे, हे आतून कळावे आणि परक्याच्या घरात आपण आपले घरटे बांधू नये. इथे मला लूकच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय नव्याने दिसू लागला. त्यात दोन दाखले लागोपाठ आहेत. पहिल्यात एक विधवा अन्यायी न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाते आणि अखेर तो तिच्या कटकटीला कंटाळून तिचा न्याय करतो. लगेच दुसऱ्यात परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, आणि लोकांच्या तिरस्काराचा विषय असलेला जकातदार मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशी आपले उपवास आणि दशांश सांगतो, जकातदार दूर उभा राहून ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ एवढेच म्हणतो. पहिला दाखला चिकाटीचा आणि दुसरा नम्रतेचा, अशी वाटणी आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात करीत आलो. कोरड्या तासांत बसून बसून मला ती वाटणी पटेनाशी झाली. विधवेजवळ लाच द्यायला पैसा नाही, वशिला नाही, तिच्या बाजूने बोलणारा पुरुष नाही. तिच्याजवळ पुन्हा जाणे एवढेच आहे. ज्याच्यापाशी दुसरा काही उपाय असतो तो इतक्या वेळा त्याच दारी जात नाही. आणि परूश्याच्या प्रार्थनेत तर मागणे मुळीच नाही. तो जे काही बोलतो ते सारे स्वतःजवळ असलेल्याविषयी आहे.

या टप्प्यावर मला इग्नेशियसचाही आधार झाला, कारण या सूचना लिहिणारा माणूस मठात सुखाने वाढलेला नव्हता. १५२१ मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडलेला हा सरदार पुढच्या वर्षी मानरेसा या गावी राहिला. तिथे आपल्या जुन्या पापांची कबुली पुरी झाली नाही या शंकेने त्याला इतके पछाडले की रोज सात तास गुडघ्यांवर प्रार्थना करूनही सुटका होईना. त्या अवस्थेत त्याने देवाला ओरडून सांगितले, की एखाद्या कुत्र्याच्या पिल्लामागे गेल्याने उपाय सापडणार असेल तर मी त्याच्याही मागे जाईन. पुढे १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिलेल्या या ग्रंथातल्या कोरड्या, हिशेबी वाटणाऱ्या नियमांच्या मुळाशी असे दिवस आहेत.

नाताळाच्या आधी येशूच्या जन्माचे चिंतन आले. त्यात गोठ्याचे दृश्य नुसते बघायचे नसते. आपण तिथे एक गरीब, अपात्र दासी होऊन उभे राहायचे, मरिया, योसेफ आणि बाळ यांच्याकडे पाहायचे आणि त्यांना जे लागेल ते करायचे. मला या चिंतनात फारसे काही ‘दिसले’ नाही. पण मी कोपऱ्यात उभी होते आणि पाणी तापवीत होते. तास संपल्यावर सासूबाईंची चादर बदलायला गेले तेव्हा हात तसेच चालत राहिले. वहीत मी याविषयी दोनच ओळी लिहिल्या आहेत आणि अधिक लिहिण्यासारखे नाहीही.

कनानी बाईचा प्रसंग मात्र मला पुष्कळ दिवस पुरला. इग्नेशियसच्या पद्धतीत तोच उतारा पुन्हा घेण्याला फार महत्त्व आहे, आणि सिस्टरांनी तो मला परत परत दिला. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात ही यहुदी नसलेली बाई भूतग्रस्त मुलीसाठी येशूच्या मागे ओरडत येते. आधी तो तिला काहीच उत्तर देत नाही. मग शिष्य तिला घालवून द्या म्हणतात. मग येशू म्हणतो, मला फक्त इस्राएलच्या हरवलेल्या मेंढरांकडे पाठवले आहे. ती पाया पडते, तर मुलांची भाकर घेऊन कुत्र्यांना घालणे ठीक नाही असे उत्तर मिळते. त्यावर ती म्हणते, खरेच प्रभू, पण धन्याच्या मेजावरून पडलेला चुरा कुत्रीही खातात. प्रवचनांत हा अपमान कसाबसा सारवून नेतात. मला तसे करायचे नव्हते. मी त्या बाईच्या मागे उभी राहून ऐकले आणि तो शब्द मला लागला. पण ती त्या शब्दावर वाद घालायला थांबत नाही. आपल्या योग्यतेचा प्रश्न ती बाजूला ठेवते आणि मागणे मात्र तसूभरही मागे घेत नाही. माझ्या ओळखीच्या पुष्कळ धार्मिक बायका, आणि त्यांत मीही धरावी, याच्या उलट वागतात: आपली योग्यता काय, देवाला त्रास कशाला द्यायचा, असे म्हणून मागणेच आखडते घेतात आणि त्याला नम्रता म्हणतात.

याच सुमारास सिस्टरांनी मला संत मोनिकेची एक गोष्ट वाचायला दिली. आपल्या मुलासाठी, पुढे संत झालेल्या ऑगस्टिनसाठी, तिने ढाळलेले अश्रू सगळ्यांना ठाऊक असतात. तिची नाकारली गेलेली प्रार्थना फारशी कोणी सांगत नाही. मुलगा आफ्रिका सोडून रोमला निघाला तेव्हा तो जाऊ नये म्हणून ती किनाऱ्यावर त्याला बिलगून राहिली. त्याने तिला खोटे सांगितले, ती रात्र तिने संत सिप्रियानच्या स्मृतिमंदिरात प्रार्थनेत काढली, आणि त्याच रात्री त्याचे जहाज सुटले. तो रोमहून मिलानला गेला, तिथे बिशप अँब्रोजची गाठ पडली आणि ३८७ च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे त्या रात्री देवाने तिचे शब्द ऐकले असते तर तिचे जन्माचे मागणे, निदान त्या वाटेने, पुरे झाले नसते. ही गोष्ट वाचून मला समाधान वाटले असे नाही. मोनिकेला शेवट कळला. किनाऱ्यावरच्या सकाळी तो तिला कळलेला नव्हता, आणि मी अजून त्या सकाळीच आहे, असे मी सिस्टरांना म्हटले. त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि पुढच्या आठवड्याचे उतारे दिले. मार्गदर्शकाने साधकाला कुठल्याच बाजूला कलवू नये, तराजूच्या काट्यासारखे मधोमध राहावे आणि निर्मात्याला आपल्या लेकराशी थेट व्यवहार करू द्यावा, ही पंधरावी सूचना त्या अक्षरशः पाळत.

दुसऱ्या आठवड्याच्या, म्हणजे ग्रंथातल्या दुसऱ्या टप्प्याच्या, अखेरीस नम्रतेच्या तीन पायऱ्यांचे चिंतन असते. पहिली, देवाची आज्ञा मोडायची नाही. दुसरी, धन की दारिद्र्य, मान की अपमान, दीर्घायुष्य की अल्पायुष्य याविषयी मन समतोल ठेवायचे. तिसरी, देवाची सेवा दोन्हींत सारखीच होत असेल तर ख्रिस्तासारखे होण्यासाठी दारिद्र्य आणि अपमान हेच पसंत करायचे. मी सिस्टरांना स्पष्ट सांगितले, की भाऊ रस्त्यात पडलेला असताना शेजाऱ्यांनी उचलून आणला तो अपमान मला पुरे आहे, आणखी मी मागणार नाही. त्या म्हणाल्या, मग तशी इच्छा व्हावी अशी इच्छा तरी आहे का, तेवढे मागा. इग्नेशियस आपल्या संघात येऊ पाहणाऱ्यांनाही हेच विचारायला सांगतो, हे मला नंतर समजले. तेवढे मी मागितले. आमच्या गावचे संत गोन्सालो गार्सिया त्या दिवसांत मला फार आठवत. वसईत जेज्वीट धर्मगुरूंच्या हाताखाली शिकलेला, जपानात त्यांच्याबरोबर धर्मशिक्षक म्हणून राबलेला हा मुलगा. त्याला त्यांच्या संघात प्रवेश हवा होता आणि तो मिळाला नाही. तो मनिलाला फ्रान्सिस्कन संघात साधा धर्मबंधू झाला आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मेला. शाळेत दरवर्षी त्याची गोष्ट सांगताना मी हुतात्म्याच्या मरणावर भर देत असे, नकाराचा भाग एका वाक्यात उरकत असे.

उपवासकाळात गेथशेमानेची, म्हणजे येशूच्या अटकेच्या आधीच्या प्रार्थनेची, रात्र आली. ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे’ हे वाक्य आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आले आहे. बहुतेक वेळा डॉक्टरांनी हात टेकल्यावर. त्यामुळे त्याचा मला मनातून धाकच होता: हे म्हटले म्हणजे मागणे संपले. उतारा पुन्हा पुन्हा घेताना दिसले ते असे, की येशू आधी मागतो, हा प्याला टळू दे म्हणतो, आणि मत्तय मुद्दाम नोंदवतो की तिसऱ्या वेळीही त्याने तेच शब्द उच्चारले. प्रेषित पौलही शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी करतो आणि मगच त्याला ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर मिळते. मागण्याच्या आधी शरणागती पत्करली तर शरण कशाला गेलो हेच ठरत नाही. त्या आठवड्यापासून मी भावासाठी आडवळणाने मागणे बंद केले. ‘त्याला सुबुद्धी दे’ वगैरे बोली सोडून, त्याची दारू सुटू दे, याच वर्षी सुटू दे, असे बोलले; आणि त्यानंतर, पुष्कळदा तो पाच मिनिटांचा वाढीव वेळ सुरू झाल्यावर, दुसरे वाक्यही बोलता आले. काही दिवस ते आले नाही. तसे मी वहीत लिहून ठेवले.

भाऊ तेव्हा ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संघटनेच्या, सभांना जात होता. एका संध्याकाळी तो घरी आला असताना मी त्याला तिथल्या बारा पायऱ्यांतली सातवी कोणती ते विचारले. आमच्यातले दोष काढून टाकावेत अशी आम्ही देवाला नम्रपणे विनंती केली, असे त्याने सांगितले आणि लगेच म्हणाला, ‘नम्रपणे’ हाच अवघड शब्द आहे, कारण दारुड्याला एक तर सगळे स्वतः जमणार असते, नाहीतर काहीच जमणार नसते. सिस्टरांना मी हे सांगितले तेव्हा त्या पहिल्यांदाच मोकळेपणाने बोलल्या. एडवर्ड डाउलिंग नावाच्या अमेरिकन जेज्वीट धर्मगुरूंना या बारा पायऱ्यांत आणि इग्नेशियसच्या साधनेत साम्य दिसले, म्हणून ते १९४० मध्ये ए.ए.च्या संस्थापकांपैकी बिल विल्सन यांना भेटायला गेले आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांचे सल्लागार राहिले. बिल विल्सन यांनी मात्र पायऱ्या लिहिताना ही साधना पाहिलेलीही नव्हती. मी आणि भाऊ दोन वेगळ्या खोल्यांत एकच धडा गिरवीत आहोत, हे मला त्या दिवशी समजले, आणि त्याच्यासाठी प्रार्थना करताना त्याच्यापेक्षा उंच जागी बसण्याची जी सवय मला होती तिला थोडा धक्का बसला.

ईस्टरनंतरचे आठवडे भराभर गेले आणि त्यांविषयी मला सांगण्यासारखे कमी आहे. आनंदाचे चिंतन मला दुःखाच्या चिंतनाहून जड जाते. शेवटच्या चिंतनात ‘हे प्रभो, माझे स्वातंत्र्य, माझी स्मृती, माझी बुद्धी, माझी सारी इच्छा घे’ या अर्थाची प्रार्थना असते. ती मी रोज म्हणते, आणि स्मृतीशी आले की रोज अडखळते, कारण आमच्या आईची शेवटची वर्षे विस्मरणात गेली होती.

साधना ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी येणाऱ्या पेन्टेकॉस्ट सणाच्या सुमारास पुरी झाली. भाऊ नाताळापासून दारूशिवाय होता. पावसाळ्यात तो पुन्हा घसरला, पंधरवडाभर कोणाला भेटला नाही आणि मग आपण होऊन सभांना जाऊ लागला. आज तो कसा आहे हे विचाराल तर आज ठीक आहे. माझी पहाटेची बैठक आता अर्ध्या तासाची झाली आहे, रात्री आत्मपरीक्षण करते, ‘मला जे हवे आहे’ त्या ठिकाणी त्याचेच नाव घेते आणि शब्द तेच आहेत. तो घसरला तेव्हा भावजय माझ्याकडे येऊन बसली आणि म्हणाली, तुम्ही पहाटे जे करता ते मला शिकवा. शिकवायला बसले असते तर मी तिला पहिल्याच दिवशी मोनिकेपासून पाम्प्लोनापर्यंत सगळे ऐकवले असते. म्हणून सिस्टरांचा फोन नंबर तिला दिला. सप्टेंबरपासून त्या तिला वेळ देणार आहेत, आणि तिच्या आठवड्याच्या भेटीच्या दिवशी तिच्या मुलांना सांभाळायचे काम माझ्याकडे आले आहे.